मीटर कुणाच्या नावावर?

शाळा सुटल्यावर खडकी बाजारातून येताना ओळखीच्या एका खालांनी थांबवलं. "टीचर, सोलरला सरकार 78 हजार देतं म्हणतात, खरं का?"

खरं आहे. पण ते पैसे आधी मिळत नाहीत आणि ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्याच खात्यात येतात. या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं एजंट तोंडपाठ सांगतो.

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. पहिल्या 2 किलोवॅटना किलोवॅटमागे 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार. त्यापुढे कितीही पॅनल लावा, अनुदान 78 हजारांवर जात नाही. एजंट मात्र 3 किलोवॅटचाच आग्रह धरतात. आमचा वापर महिन्याला 180 युनिट. 1 किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, म्हणजे आम्हाला 2 किलोवॅट पुष्कळ झाले. जास्तीची वीज महावितरणकडे जमा होते खरी, पण वर्षअखेरीस उरलेल्या युनिटला मिळणारा भाव आपल्या बिलातल्या दरापेक्षा फार कमी असतो.

आम्हाला खर्च सांगितला 1 लाख 30 हजार. 60 हजार अनुदान वजा केलं तर 70 हजार. आमचं बिल सतराशे-अठराशेच्या घरात. स्थिर आकार तर भरावाच लागणार, तरी महिन्याला दीड हजार वाचले तर चार वर्षांत पैसे वसूल. ज्यांचा वापर 100 युनिटांच्या आत आहे त्यांनी मात्र घाई करू नये. 100 च्या पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो, बचत असते ती तिथेच. दारिद्र्यरेषेखालच्या घरांचं गणित वेगळं: 1 किलोवॅटसाठी केंद्राच्या 30 हजारांवर राज्य सरकार 17,500 देतं.

आता आधी भरायच्या पैशांचं. बँका या कामासाठी तारण न मागता कर्ज देतात, पण ते व्याजाचं. आपल्यातली बरीच घरं तिथेच थांबतात. आम्ही 70 हजार भिशीतून आणि साठवणुकीतून उभे केले. अनुदानाइतके 60 हजार माझ्या भावाने कर्ज-ए-हसना म्हणून दिले. तो कागद नको म्हणत होता. मी म्हटलं, सूरह बकरामध्ये कर्ज लिहून ठेवायचा हुकूम भावांनाही लागू आहे. रक्कम, तारीख, दोन साक्षीदार, सगळं लिहिलं.

एवढं होऊनही अर्ज अडला. सासरे वारून आठ वर्षं झाली, पण बिल अजून त्यांच्याच नावाने येतं! आमच्या गल्लीत अशी किती घरं असतील. नाव बदलायला मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती हवी. यांचं म्हणणं, "बहिणींची सही काय, घेऊ कधीही." मी म्हटलं, सही घेण्याआधी विचारा तरी.

मोठ्या आपांना मिरजेला फोन लावला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "दुल्हन, गच्चीत माझाही हिस्सा आहे ना?"

आहेच. आठ वर्षांत आम्ही तो शब्द काढला नव्हता, त्यांनीही नाही. पॅनल पंचवीस वर्षं टिकतात. एवढा काळ सगळ्यांच्या गच्चीवर एकाच्या पैशाची वस्तू राहणार, उद्या घर विकायचं ठरलं तर? मग दोन्ही नणंदांना बोलावून लिहून काढलं: मीटर यांच्या नावावर झालं तरी कुणाचा हिस्सा कमी होत नाही. पॅनल आमचे, छत सगळ्यांचं. वाटणीच्या वेळी पॅनल उतरवायचे किंवा त्यांची किंमत धरायची. जाता जाता सांगते, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतल्या जुन्या घरांनी गच्चीवर उंच सांगाडा उभारण्याआधी बोर्डात विचारून घ्यावं. पत्र्याच्या छतावर आधी पत्र्याखालच्या कैच्या तपासाव्यात.

आपांनी सही केली. मग विचारलं, "आता लाईट गेली तरी पंखा चालेल ना?"

नाही चालणार. बॅटरी नसलेलं सोलर वीज जाताच आपोआप बंद पडतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. हेही एजंटने सांगितलं नव्हतं.

"मग मे महिन्यात येताना हातपंखा घेऊनच येते," आपा म्हणाल्या.