उधळ्या पुत्राचें घरीं परतणें

घर सोडून गेलेलें माणूस परत दारीं आलें, तर त्यास घरांत कसें घ्यावें, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांस केव्हांना केव्हां पडतो. या वेळीं ज्या चित्राविषयीं आम्ही लिहीत आहों, त्याचा विषय हाच आहे.

हॉलंडचा चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) यानें तें उतारवयांत रंगविलें. सुमारें साडेआठ फूट उंचीचें हें चित्र १७६६ सालीं रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या संग्रहांत आलें. आज तें सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयांत आहे. कथा लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील. धाकटा मुलगा आपला वांटा मागून घेतो, परदेशीं सारें उधळतो, दुष्काळांत डुकरें राखतो, आणि ‘मला चाकर म्हणून ठेवा’ असें म्हणण्याचें मनाशीं ठरवून परततो. पण तें वाक्य उच्चारण्यापूर्वींच बाप त्याच्यासाठीं उंची वस्त्र, अंगठी व जोडे मागवितो.

चित्रांत मुलगा गुडघे टेकून बसला आहे. त्याचा चेहरा जवळजवळ दिसत नाहीं. दिसतें तें कापलेल्या केसांचें डोकें, फाटकीं वस्त्रें आणि एका पायाचा उघडा तळवा. बापाची दृष्टि मंदावलेली भासते. मुलाच्या पाठीवर ठेवलेल्या हातांनींच जणूं तो आपलें मूल ओळखीत आहे. चित्रांतला उजेडहि विशेषेंकरून तेथेंच पडला आहे.

याच रेम्ब्रांटनें ऐन उमेदींत, १६३५ च्या सुमारास, हातीं मद्याचा पेला घेतलेला उधळ्या पुत्र आपल्याच चेहऱ्यानें रंगविला होता. पुढें १६४२ त पत्नी वारली, १६५६ त दिवाळें निघालें, १६६८ त तरुण मुलगा टायटस गेला. तारुण्यांत ज्यानें स्वतःस पुत्राच्या जागीं पाहिलें, त्यानें वार्धक्यांत बापाचे हात रंगविले.

उजवीकडे तांबडा झगा पांघरून, काठीवर हात ठेवून एकजण ताठ उभा आहे. तो थोरला भाऊ, असें सामान्यतः मानतात. त्यानें कधीं आज्ञा मोडली नाहीं. म्हणूनच हें स्वागत त्यास सलतें. तो शेवटीं घरांत गेला कीं नाहीं, हें कथेंत सांगितलेलें नाहीं.

आम्हांस या चित्रांत आपली जागा तेथेंच दिसते. समुद्र ओलांडून आलेल्यास आमच्या वाडवडिलांनीं आधीं प्रायश्चित्त देवविलें, मग पंक्तीस घेतलें. आज तो निर्बंध उरला नाहीं. तरी परतलेल्याकडून मागल्या वागण्याचा हिशेब आधीं मागण्याची संवय आम्हां नेमस्त माणसांची सुटलेली नाहीं. रेम्ब्रांटच्या चित्रांतील बाप हिशेब विचारीत नाहीं. चुकलेलें माणूस दारीं येतें तेव्हां आपले हात काठीवर असतात कीं त्याच्या पाठीवर, एवढें ज्यानें त्यानें पाहावें.