विश्लेषण : फोटो खरा, तरी लोक म्हणतात ‘एआय’! थक्क करणाऱ्या फोटोंवरचा विश्वास का उडतोय?

खाली समुद्र, मागे ढग आणि मधोमध हवेत ताठ उभा असलेला एक खेळाडू. त्याचा एक हात वर, बोट आभाळाकडे. शेजारी त्याचा सर्फबोर्डही अगदी त्याच्यासारखाच हवेत उभा. पॅरिस ऑलिम्पिक सुरू असताना २९ जुलै २०२४ रोजी काढलेला हा फोटो काही तासांत जगभर फिरला आणि त्याच्या मागोमाग एक प्रश्नही फिरला. हा खरा आहे, की कुणीतरी बनवलाय?

फोटो शंभर टक्के खरा होता. पण हा प्रश्न इतक्या लोकांना पडावा, ही गोष्ट त्या फोटोइतकीच लक्षात घेण्यासारखी आहे. विचित्र, मजेशीर, ‘हे कसं शक्य आहे?’ असं वाटायला लावणारे फोटो आपण रोज पाहतो आणि पुढे पाठवतो. त्यांच्याकडे पाहण्याची आपली नजर गेल्या दोन-तीन वर्षांत कशी बदलली?

माणूस हवेत उभा कसा राहिला?

ऑलिम्पिकमधल्या सर्फिंगच्या स्पर्धा पॅरिसमध्ये नव्हे, तर तिथून १५ हजार किलोमीटरहून दूर, प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर तेआहुपो इथे झाल्या. ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिनाने एका लाटेवर १० पैकी ९.९० गुण मिळवले. लाट संपताना सर्फर तिच्या पाठीवरून वर उसळी घेऊन बाहेर पडतात. मेदिनानेही तेच केलं आणि आनंदाने बोट उंचावलं. बोर्ड त्याच्या पायाला दोरीने बांधलेला असल्यामुळे तोही सोबत वर आला. जवळच बोटीवर असलेले एएफपीचे छायाचित्रकार जेरोम ब्रुईये यांनी नेमका तोच क्षण टिपला.

डोळ्यांना असा क्षण कधीच दिसत नाही, कारण डोळे हालचाल पाहतात. कॅमेरा मात्र सेकंदाचा हजारावा भाग वेगळा काढून समोर ठेवतो. त्या तुकड्यात पडणारा माणूस उडताना दिसू शकतो आणि उडी मारणारा तरंगताना. अनेक थक्क करणाऱ्या फोटोंमागचं गुपित एवढंच असतं. त्यामुळे ‘हे अशक्य वाटतं’ याचा अर्थ ‘हे खोटं आहे’ असा होत नाही.

डोकं नसलेला फ्लेमिंगो

त्याच वर्षी, जून महिन्यात, आणखी एक गंमत घडली होती. ‘१८३९ अवॉर्ड्स’ या छायाचित्र स्पर्धेत एआयने बनवलेल्या चित्रांसाठी वेगळा गट होता. त्यात एका गुलाबी फ्लेमिंगोच्या चित्राला परीक्षकांनी तिसरा क्रमांक दिला आणि लोकांच्या मतदानात ते पहिलं आलं. पक्ष्याला डोकंच नव्हतं. नुसता पिसांचा गोळा आणि दोन काटकुळे पाय!

मग माइल्स अॅस्ट्रे या छायाचित्रकाराने खुलासा केला, की हा एआय नाही. अरुबा बेटावर काढलेला तो खरा फोटो आहे. पक्षी मान वळवून पोट खाजवत होता, म्हणून डोकं दिसत नव्हतं. आयोजकांनी बक्षीस काढून घेतलं, कारण खऱ्या फोटोला त्या गटात जागाच नव्हती.

त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल २०२३ मध्ये, नेमकं उलटं झालं होतं. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये जर्मन कलाकार बोरिस एल्डाग्सेन यांच्या चित्राला एका गटात पहिलं बक्षीस मिळालं आणि त्यांनी ते नाकारलं. चित्र एआयने बनवलेलं होतं. या दोन्ही प्रसंगांचा अर्थ एकच. नुसतं पाहून खरं-खोटं ठरवणं आता जाणकारांनाही जमेलच असं नाही.

फसवणूक काय आजची आहे?

अजिबात नाही. स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यातल्या ‘राक्षसा’चा प्रसिद्ध फोटो १९३४ साली ‘डेली मेल’ने छापला. तो खेळण्यातली पाणबुडी आणि तिच्यावर बसवलेली नकली मान होती, हे उघड व्हायला १९९४ साल उजाडलं.

शार्कची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर छोट्या होडीतला माणूस आणि त्याच्यामागे येणारा भलामोठा शार्क, असा थॉमस पेशाक यांचा फोटो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो खरा होता, पण अनेकांनी खोटा मानला. पुढे कुणीतरी त्यातला शार्क कापून पुरात बुडालेल्या रस्त्याच्या फोटोवर चिकटवला. तो फोटो मात्र २०११ चं आयरीन असो की २०१७ चं हार्वे, दर मोठ्या वादळात ‘खरा’ म्हणून फिरत राहिला. खऱ्याला खोटं आणि खोट्याला खरं मानण्याची सवय अशी जुनीच आहे.

मग एआयने नवीन काय केलं?

पूर्वी बनावट फोटोसाठी कौशल्य आणि वेळ लागायचा. आता एक वाक्य टाइप केलं की काम होतं. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं फुगीर पांढऱ्या जॅकेटमधलं चित्र असंच आलं आणि असंख्य लोक फसले. फसवणूक वाढली, तशी शंकाही वाढली. पण शंकेचाही फायदा उठवता येतो. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक बॉबी चेस्नी आणि डॅनियल सिट्रॉन यांनी त्याला ‘लायर्स डिव्हिडंड’ म्हटलं, म्हणजे खोटारड्याला मिळणारा नफा. सगळंच बनावट असू शकतं असं लोकांना वाटू लागलं, की खऱ्या पुराव्यासमोरही ‘हे एआय आहे’ म्हणून हात झटकता येतात.

फ्लेमिंगोवर विश्वास नाही ठेवला, तर फार तर एक हसू हुकेल. पण मारहाणीचा, पुराचा किंवा युद्धातला खरा फोटो असाच उडवून लावला, तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या हातातला पुरावाच जातो.

तपासायचं कसं?

सहा बोटं मोजण्याचा जुना उपाय आता पुरत नाही, कारण एआय सुधारतंय. त्याऐवजी फोटोचा माग काढा. गुगल लेन्स किंवा टिनआयवर टाकून तो आधी कुठे आणि कधी आला होता ते पाहा. छायाचित्रकाराचं किंवा वृत्तसंस्थेचं नाव आहे का? त्याच प्रसंगाचे दुसऱ्या कोनातून घेतलेले फोटो किंवा व्हिडिओ आहेत का?

कॅमेरा कंपन्याही कामाला लागल्या आहेत. लायकाने २०२३ मध्ये आणलेला एम११-पी हा कॅमेरा फोटो काढतानाच त्याला डिजिटल सही जोडतो. नंतर केलेले बदलही नोंदवता येतात. पण व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला, की फाइलमधली अशी माहिती सहसा उरत नाही. शिवाय सही सांगते ती फोटो कसा तयार झाला एवढंच. कॅमेऱ्यासमोरचा प्रसंगच रचलेला असेल, तर ती काय करणार? २००९ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ठरलेला, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पुढे बाद झाला. त्यात छेडछाड नव्हती. लांडगा रानटी नसून पाळीव असावा, असा आयोजकांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकाराने तो नाकारला.

म्हणून ग्रुपवर पुढचा अफलातून फोटो आला, की ‘हा खरा वाटतो का?’ याच्याऐवजी ‘हा कोणी, कुठे, कधी काढला?’ असं विचारा. उत्तर सापडलं, तर बिनधास्त थक्क व्हा. नाही सापडलं, तर पुढे पाठवू नका आणि ‘खोटा’ असा शिक्काही मारू नका.