कोण्या कारखान्याला चाललाव?

आमच्या हापिसात सध्या कॅम्पर व्हॅनची साथ आली आहे. एक जण नॉर्वेला जाऊन आला, दुसऱ्याने लडाखसाठी भाड्याने ठरवली आहे, आणि तिसरा रोज जेवणाच्या सुट्टीत टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बेसिन कुठे बसवायचं याची चित्रं काढत बसतो. (कोड कधी लिहितो ते विचारू नका.) कुठेही थांबा, कुठेही झोपा, हॉटेलचं बुकिंग नको... ऐकायला भारीच वाटतं. पण मंडळी, माझं म्हणणं असं की ते स्वातंत्र्य गाडीबरोबर विकत मिळत नाही.

नॉर्वेचंच घ्या. तिथे १९५७ चा कायदा आहे, त्यानुसार मोकळ्या रानात कुणीही तंबू ठोकावा, राहत्या घरापासून १५० मीटर लांब, एका जागी दोन दिवस. पण गाडी मात्र त्या रानात घालता येत नाही! ती रस्त्याकडेला नाहीतर पार्किंगमध्येच. म्हणजे व्हॅनवाल्याला जे मोकळं मोकळं वाटतं ते ठिकठिकाणी पाणी भरायला नळ आहे आणि संडासाची टाकी रिकामी करायला जागा आहे म्हणून. फोटोत हे येत नाही. फोटोत फियॉर्ड येतो.

साधं गणित करू. टाकी १०० लिटरची, माणसं तीन. पिणं, स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं आणि अर्ध्या बादलीत अंघोळ, अगदी काटकसरीने माणशी २० लिटर धरा. दुसऱ्या संध्याकाळी टाकी कोरडी. आणि जेवढं वापरलं त्यातलं बहुतेक घाण होऊन परत तुमच्याच गाडीत. ते कुठे ओतणार? कुणाच्या तरी बांधावर?

मी मूळचा परभणीचा. परभणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सपाट काळं रान येतं, कापूस, सोयाबीन आणि ऊन. पण जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूरकडे जा, अजिंठ्याच्या रांगेची शेपटी तिथवर येते. माळरान, खुरटी झाडं, मार्चमध्ये पेटलेला पळस. नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत, तिथली पार्श्वनाथाची भलीमोठी मूर्ती एवढ्याशा दगडावर तोललेली आहे, बघून मान आपोआप खाली वाकते. चारठाण्याला जुनी दगडी मंदिरं आणि एक उंच स्तंभ. आणि पूर्णा नदीवरचं १९६८ चं येलदरी धरण. पाणी असेल त्या वर्षी संध्याकाळी तिथे उभं राहिलं की लडाख वगैरे काही आठवत नाही. (पाणी असेल त्या वर्षी!)

मेव्हण्याच्या जुन्या ओम्नीची मागची सीट काढली, गादी टाकली, शेगडी आणि पाण्याचे कॅन घेतले आणि आम्ही दोन रात्री तिकडे काढल्या. सौंची एकच अट होती: मुक्काम तिथेच जिथे धड संडास असेल. झालं, "कुठेही थांबा" तिथेच संपलं. साडेपाचला सूर्यास्त बघायचा सोडून आम्ही पेट्रोल पंप शोधत होतो. एका पंपावर संडास होता, कुलूपही होतं, किल्ली मालकाकडे आणि मालक गावाला.

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला चहा ठेवला होता. एक म्हातारे बाबा थांबले. गादी, शेगडी, दोरीवर वाळत घातलेले कपडे सगळं नीट न्याहाळून म्हणाले, "कोण्या कारखान्याला चाललाव?"

आम्ही हसलो. पण प्रश्न अगदी बरोबर होता हो! आमच्या भागात गाडीत संसार घालून निघणारी माणसं म्हणजे ऊसतोडवाली. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायको मिळून एक कोयता, आणि दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, पोरं घालून निघायचं. पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत. पाणी लांबून आणायचं आणि बाईने पहाटे अंधारात आडोसा शोधायचा. सौंनी दोन रात्री जे टाळलं ते त्या बायका अख्खा हंगाम करतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात आवाज उठला, सरकारने समिती नेमली. तेव्हा कामाच्या ठिकाणी संडास आणि पाणी नसण्याची चर्चाही झाली होतीच.

आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकावरच्या घरांसाठी पार्क, तिथे पाणी, वीज, स्वच्छतेच्या सोयी. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. फक्त चाकावरच्या घरात राहणारे सर्वात जास्त लोक कोण आहेत हे कुणीतरी विचारायला हवं होतं. पर्यटनाचं खातं वेगळं आणि कामगारांचं वेगळं, हे उत्तर मला माहीत आहे. नळाला खातं कळत नाही.

आणि हे जमत नाही असंही नाही. शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी-गंगाखेडवरून पंढरपूरला जाते, शेकडो वारकरी, रोजचा मुक्काम आधीच ठरलेला. गावं पाणी, जेवण, निवारा सगळं बघतात. ट्रॉल्या कुठून कुठे आणि साधारण कधी निघणार हे मुकादमाला आणि कारखान्याला ठाऊक असतंच की. आमच्या धंद्याच्या भाषेत, डेटा तयार आहे, जोडणी कुणी केलेली नाही. जिंतूर, गंगाखेड, सोनपेठ, पाथरीच्या रस्त्यांवर ठरावीक अंतराने एक नळ, चार संडास, एक दिवा आणि कुलूप नसलेलं दार. हंगामात ट्रॉल्या थांबतील, आषाढात दिंड्या, आणि उरलेल्या दिवसांत आमच्या हापिसातले नॉर्वेवाले. त्यांच्याकडून खुशाल रात्रीचे पैसे घ्या, देतात ते.

असो. कुणी जिंतूरकडे जाणार असेल तर पावसाळ्यात गाडी डांबराखाली उतरवू नका, काळी माती ट्रॅक्टरशिवाय सोडत नाही. पाण्याचे कॅन घट्ट झाकणाचे घ्या. आणि चारठाण्याला दुपारी नको, सकाळी जा, दगड तापायच्या आत.