गवत आधी, गिनीपिग नंतर

वाढदिवसाला गिनीपिग भेट द्यायची टूम आमच्या विंगमध्ये निघाली आणि चिंट्या रूमवर आला. लाड करायला सगळेच पुढे. कोणी मेसची पोळी आणतंय, कोणी बिस्किट. गवत मात्र कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही. काही आठवड्यांत तो लंगडायला लागला, त्याने खाणं सोडलं आणि एका सकाळी गेला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, आपण जुनाच प्रयोग केला! १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी गिनीपिगना धान्य-पावावर ठेवलं, तर त्यांना स्कर्व्ही झाला. माणसासारखंच गिनीपिगचं शरीर 'क' जीवनसत्त्व तयार करत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत : गवताची सोय नसेल तर गिनीपिग आणूच नये. त्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला आणि पोट चालू राहायला वाळलेलं गवत चोवीस तास पुढ्यात हवं. टिमोथी गवत उत्तम. हिरवट, बुरशी-धूळ नसलेलं. लसूणघासात कॅल्शियम जास्त, ती पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक. इतरांना रोज दिली तर मुतखड्याची भीती. जोडीला रोज ढोबळी मिरचीची फोड, 'क' जीवनसत्त्वासाठी. सशाच्या गोळ्यांवर भागत नाही, त्यात सहसा ते घातलेलं नसतं.

परीक्षेत आपण मॅगीवर दिवस काढतो, पण ते आपण ठरवतो. पिंजऱ्यातला जीव आपण देऊ तेच खातो. पुढचा गिनीपिग आणणाऱ्याने आधी गवताचं पोतं आणावं, एवढीच विनंती.