पोट साफ नाही म्हणजे काय?

मराठी माणसाला प्रकृती विचारा, तो आधी पोटाचे सांगेल. मुळशी तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात भाताच्या खाचरातून आलेला शेतकरी असो, नाही तर हिंजवडीच्या कचेरीत दिवसभर संगणकापुढे बसणारी पदवीधर मुलगी असो, तक्रार एकच: "डॉक्टर, पोट साफ होत नाही!"

पण वाचकहो, या एका वाक्याच्या पोटात निरनिराळे रोग असतात. नुसती बद्धकोष्ठता वेगळी, आणि पोटदुखीसह येणारी वेगळी. दुसरीला डॉक्टर 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' म्हणतात. आपण 'चिडखोर आतडे' म्हणू. २०१६ सालच्या रोम-चार कसोट्यांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखायला हवे. त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांशी किंवा मळाच्या स्वरूपाशी संबंध हवा. यांतली दोन लक्षणे पुरतात. तक्रारीची सुरुवात मात्र सहा महिन्यांपूर्वीची हवी. मळाच्या स्वरूपासाठी इंग्लंडातल्या ब्रिस्टल गावच्या डॉक्टरांचा सात प्रकारांचा तक्ता आहे. पहिले दोन प्रकार म्हणजे खडे आणि गाठी. तेच वरचेवर दिसले, तर ही बद्धकोष्ठतेची जात.

एका तरुण सूनबाईंना दोन वर्षे हाच त्रास होता. एरंडेल झाले, चूर्णे झाली; घरात "नखरे" हा शेराही मिळाला. रक्ततपासणी ठीक, वजन कायम, कसोट्या जुळल्या. मी कागदावर निदान लिहिले आणि पुढे आकडा घातला: के ५८. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत 'के' हे पचनाच्या रोगांचे अक्षर. नुसती बद्धकोष्ठता के ५९.० मध्ये जाते. कागद वाचून त्या म्हणाल्या, "म्हणजे मी ढोंग करत नव्हते तर!" सासूबाई गप्प झाल्या. औषधाआधीच निम्मा गुण आला म्हणा ना!

त्याच आठवड्यात बावन्न वर्षांचे एक शेतकरी आले. "मलाही तेच लिहून द्या," म्हणाले. विचारता विचारता कळले, की शौचातून रक्त जाते आणि धोतर सैल होऊ लागले आहे. त्यांच्या कागदावर मी आकडा घातला नाही. दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुण्याला धाडले. आतड्यात गाठ निघाली. वेळेवर शस्त्रक्रिया झाली आणि यंदा त्यांनी लावणी स्वतः केली.

तेव्हा रक्त जाणे, वजन घटणे, पंडुरोग, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास किंवा घराण्यात आतड्याचा कर्करोग, यांतले काहीही असेल तर आधी तपासणी, मग नाव. नसेल तर भरपूर पाण्याबरोबर इसबगोल, तेही थोड्यापासून वाढवत. रोजचे फिरणे आणि शौचाची ठरलेली वेळ. जुलाबाच्या औषधाची सवय मात्र मनाने लावून घेऊ नका.

फराळाचे ताट पुढे आहे. चकली जरूर खा. पण घरात कुणी पोट धरून बसले असेल, तर हसण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा.