सप्तमातृकांच्या मांडीवरचे मूल

वैजापूरच्या पूर्वेस असलेल्या वेरूळला येणाऱ्यांचा ओढा साहजिकच कैलास लेण्याकडे असतो. परंतु महाराष्ट्रातील मातृदेवतांचा इतिहास समजून घ्यायचा, तर त्याच डोंगरातील चौदाव्या लेण्यात, म्हणजे ‘रावण की खाई’त, सप्तमातृकांसमोर थांबणे अगत्याचे आहे. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा या सात मातांच्या समूहाला सप्तमातृका म्हणतात. सहाव्या-सातव्या शतकातील या शिल्पपटात त्या ओळीने बसलेल्या असून त्यांच्यासोबत मुले आहेत आणि खाली बैठकीवर प्रत्येकीचे वाहन कोरलेले आहे: ब्राह्मीचा हंस, माहेश्वरीचा नंदी, कौमारीचा मोर, वैष्णवीचा गरुड, वाराहीचा वराह, इंद्राणीचा हत्ती आणि चामुंडेचे घुबड.

वाहन आणि मूल ही चिन्हे दोन निरनिराळ्या परंपरांतून आली आहेत. ‘देवीमाहात्म्या’त यांपैकी बहुतेक माता देवांच्या शरीरांतून निघालेल्या शक्ती म्हणून असुरांशी लढतात, आणि सहाव्या शतकातील वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ मातृकांना त्या त्या देवाची चिन्हे द्यावीत असे सांगते. वाहन हे त्या शास्त्राचे देणे होय. मूल मात्र त्याहून जुने आहे. मथुरेच्या कुषाणकालीन मातृकापटांत वाहने बहुधा नसतात, मुले असतात. तर महाभारतातील स्कंदाच्या माता कोपल्या की बालकांना पीडतात आणि प्रसन्न झाल्या की त्यांना राखतात. मूल दगावण्याचे भय घरोघरी असलेल्या समाजाची ही उपासना पुढे राजकुळांनीही आपलीशी केली. सप्तमातांनी आपले संगोपन केले, असे बदामीचे चालुक्य आपल्या लेखांत अभिमानाने नोंदवीत.

मराठवाड्यात पाणवठ्याच्या काठी शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपात साती आसरा पुजल्या जातात आणि बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाईची पूजा होते. त्यांचा आणि सप्तमातृकांचा थेट वंशसंबंध सिद्ध करण्याची गरज नाही. लेकराच्या जिवाची काळजी हा दोहोंतील समान धागा पुरेसा बोलका आहे. सप्तमातृकांना केवळ देवांच्या शक्ती म्हणून ओळखणाऱ्या वर्णनांतून नेमका हाच धागा निसटतो, आणि ज्या बायाबापड्यांच्या श्रद्धेने या माता मंदिरापर्यंत पोहोचल्या, त्यांचा वाटा इतिहासातून वगळला जातो. म्हणून वैजापूर परिसरातील शिक्षकांनी वेरूळच्या सहलीत चौदाव्या लेण्यासाठी वेळ राखून ठेवावा, आणि विद्यार्थ्यांना वाहनांवरून मातृकांची नावे सांगताना त्यांच्याजवळची मुलेही आवर्जून दाखवावीत.