दूध नासलं, गॅस गळतोय, पण नाकाला पत्ताच नाही: वास जाणं किती गंभीर?

जळगावहून अजिंठ्याकडे जाताना लागणारं पहूर हे जामनेर तालुक्यातलं गाव. कपाशीचा हा पट्टा. अशा गावात कुणाचं नाक कायम चोंदलेलं असेल, तर 'धुळीची सर्दी आहे, जाईल' म्हणून विषय संपतो. वास येईनासा झाला तर तोही कुणाला सांगितला जात नाही.

कोरोनाच्या साथीत हे बदललं. जून २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास किंवा चव जाणं हे कोरोनाचं लक्षण म्हणून नोंदवलं. पण साथीच्या आधीही वास गमावलेले लोक होते आणि आजही आहेत.

सर्दी कधी आजार ठरते?

नाक चोंदणं, घट्ट शेंबूड, चेहरा जड वाटणं आणि वास न येणं, अशी लक्षणं १२ आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टर त्याला जुनाट सायनसचा आजार मानतात. काहींच्या नाकात मऊ गाठी वाढतात. त्यांना पॉलिप म्हणतात. त्यामुळे वासाचे कण नाकाच्या वरच्या भागातल्या पेशींपर्यंत पोहोचतच नाहीत.

पीनस हा आणखी एक जुना आजार. यात नाकाचं अस्तर सुकतं, खपल्या धरतात आणि दुर्गंधी येते. ती समोरच्याला येते, रुग्णाला मात्र कळत नाही, कारण त्याची वास घेण्याची शक्तीच गेलेली असते. लोक लांब का बसतात, हे त्याला उशिरा उमगतं.

जेवण बेचव का लागतं?

जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत किंवा काळ्या मसाल्याची शेवभाजी ओळखू येते ती घशामागून नाकात जाणाऱ्या वासामुळे. तो गेला की उरतं मीठ आणि तिखट. मग भूक मंदावते किंवा मीठ वाढतं.

खरा धोका घरातच

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. ज्याला वास येत नाही, त्याच्यासाठी हा इशारा नसल्यातच जमा. अशा घरात गॅसगळतीचा अलार्म हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत बसवावा. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते.

कायद्यात जागा नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. न दिसणं, ऐकू न येणं त्यात आहे. वास न येणं नाही. त्यामुळे वासावर ज्यांची रोजीरोटी आहे, अशा आचाऱ्याला किंवा मसाला विक्रेत्याला त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. यादीत नवा प्रकार घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे.

उपाय काय?

मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा, ही सुरुवात. धुण्याचं पाणी उकळून गार केलेलंच हवं. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र रोजचे झाले तर नाक उलट जास्त चोंदतं. पॉलिपवर शस्त्रक्रिया होते, पण ते पुन्हा वाढू शकतात.

विषाणूमुळे वास गेला असेल तर 'वासाचा सराव' उपयोगी ठरू शकतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधील संशोधकांनी २००९ मध्ये गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास वापरून तो मांडला. दिवसातून दोनदा, किमान तीन महिने. सगळ्यांनाच गुण येत नाही, पण खर्च फारसा नाही.

एकाच नाकपुडीतून रक्त येणं, डोळ्याभोवती सूज किंवा मधुमेह असताना नाकात काळी खपली दिसली तर थांबू नये. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने उशिराची किंमत दाखवली आहे. पहूरकरांसाठी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य 'सर्दी आहे' हे नको, 'वास येत नाही' हे हवं.